पायांनी चालवायचे विमान

शेपटीखाली तिसरे चाक असलेल्या विमानाला वैमानिक टेलड्रॅगर म्हणतात. दोन मोठी चाके पुढे, पंखांखाली. मागे शेपटीच्या टोकाला एक लहान चाक, किंवा फार जुन्या विमानात चाकाऐवजी लोखंडी घसरपट्टी. उभे असताना या विमानाचे नाक वर आणि शेपूट जमिनीलगत असते. दुसऱ्या महायुद्धापर्यंतची बहुतेक विमाने याच घडणीची होती. हवेत ती इतर विमानांसारखीच उडतात. जमिनीवर मात्र ती सरळ चालायला तयार नसतात, आणि त्याचे मूळ कारण एकच आहे: विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो.

आजच्या प्रवासी विमानाचे तिसरे चाक नाकाखाली असते आणि गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे. असे विमान धावताना जरा वाकडे झाले, तर मुख्य चाकांवरचे घर्षणच त्याला पुन्हा सरळ करते. टेलड्रॅगरमध्ये हेच घर्षण उलटे काम करते. नाक दोन अंश डावीकडे वळले की मागचे वजन पूर्वीच्याच दिशेने पुढे जाऊ पाहते, चाके त्याला पुढून अडवतात आणि वळण आणखी वाढते. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने मागे घेणाऱ्याला हा प्रकार चांगला ठाऊक असतो: कोन लहान आहे तोवर ट्रॉली ऐकते, एका मर्यादेपलीकडे गेला की ती आपली आपण दुमडते. विमानाच्या या दुमडण्याला ग्राउंड लूप म्हणतात. विमान गर्रकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पाय मोडतो. वेग कमी असल्यामुळे माणसे सहसा वाचतात. विमान वाचेलच असे नाही.

कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा टायगर मॉथ, पायपर कब किंवा डकोटा निवडणाऱ्याला हे सगळे पहिल्याच मिनिटात भेटते. थ्रॉटल पुढे सरकवला, विमान थोडे धावले आणि धावपट्टी सोडून गवतात गेले. यानंतर बरेच जण विमान बदलतात, किंवा मदतीचा पर्याय चालू करून पुढे जातात. दोन्हींत नुकसान आहे. या विमानांचे वेगळेपण जमिनीवर आहे. तेच वगळले तर उरते ते फक्त एक संथ आणि जुन्या तोंडवळ्याचे विमान.

शिवणी आणि बेलोरा

वऱ्हाडातील दोन धावपट्ट्यांचा इथे विचार करू. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी १९४३ साली, ऐन महायुद्धात बांधली गेली. तिची लांबी १२१९ मीटर. ती वाढवण्याचा प्रश्न डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी जोडलेला असल्याने वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि अकोल्याला नियमित प्रवासी सेवा मिळाली नाही. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची धावपट्टी १९९२ ची. ती पुढे १८५० मीटरपर्यंत वाढवली गेली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. एअर इंडियाने आपली वैमानिक प्रशिक्षण संस्थाही बेलोऱ्यालाच उभारायला घेतली. तिच्यासाठी ठरवलेली विमाने पायपर आर्चर आणि डायमंड डीए-४२, म्हणजे सगळी नाकाखाली चाक असलेली. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास उडूनही तिथल्या विद्यार्थ्याचा टेलड्रॅगरशी संबंध येणार नाही. ज्याला या विमानाची चाल समजून घ्यायची आहे, त्याच्यासाठी वऱ्हाडात आज सिम्युलेटर हाच मार्ग उरतो.

पूर्वी असे नव्हते. भारतीय विमानवाहतुकीचा सारा आरंभ शेपूटचाकी विमानांवर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले ते पुस मॉथ विमानातून. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डकोटा विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परत जात. मुंबई-नागपूर अशी सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती वऱ्हाडावरूनच जाते. दोन इंजिनांचे, २९ मीटर पंखविस्ताराचे डकोटा रोज रात्री आडव्या वाऱ्यात, पावसात, दिव्यांच्या मोजक्या उजेडात उतरवणारे ते वैमानिक पायांच्या कामात किती तयार असतील याची कल्पना सिम्युलेटरमध्ये एक रात्र घालवली तरी येते.

भारतात आरेखन होऊन बनलेले पहिले प्रशिक्षण विमानही शेपूटचाकीच होते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या एचटी-२ ने ५ ऑगस्ट १९५१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचे आरेखन करणाऱ्या गटाचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीतील ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यानंतर १९५८ मध्ये आले पुष्पक: वर पंख, शेजारी-शेजारी दोन आसने, ९० अश्वशक्तीचे इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून पुष्पकवर वैमानिकांची एक पिढी तयार झाली. वायुसेनेने दुरुस्त करून घेतलेले टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडनला उडाले, आणि ‘परशुराम’ नावाचे डकोटा २०१८ मध्ये वायुसेनेच्या ऐतिहासिक ताफ्यात दाखल झाले. ही विमाने पाहता येतात. सर्वसामान्य माणसाला ती चालवता येत नाहीत.

पंख्याची ओढ

गुरुत्वमध्य मागे असल्याने विमान अस्थिर होते, पण पहिला धक्का देतो तो बहुधा पंखा. एकपंख्याच्या विमानात पूर्ण शक्ती दिल्यावर चार परिणाम एकाच बाजूला ओढतात. पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाचे धड उलट दिशेने कलू पाहते आणि त्या बाजूच्या चाकावर भार वाढतो. पंख्यामागची हवा मळसूत्री फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर एका अंगाने आदळते. शेपूट खाली असताना पंख्याची खाली येणारी पात वर जाणाऱ्या पातीपेक्षा जास्त हवा कापते, त्यामुळे ओढ मध्यावर राहत नाही. आणि शेपूट उचलताना फिरत्या पंख्याचा भोवऱ्यासारखा गुणधर्म नाकाला झटका देतो.

पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, जसा पायपर कबचा किंवा मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा, तर चारही परिणाम डावीकडे जातात आणि उजवा पाय लागतो. टायगर मॉथचे १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन उलटे फिरते. तिथे विमान उजवीकडे जाते आणि डावा पाय लागतो. पुढच्या काळात स्पिटफायरला ग्रिफन इंजिन बसवले गेले, त्याचा पंखाही मर्लिनच्या उलट फिरतो. कबवर सराव झालेला माणूस टायगर मॉथमध्ये बसला की सवयीने उजवा पाय देतो आणि सरळ गवतात जातो. सिम्युलेटरमधील विमान खऱ्यासारखे बनवले आहे का, याची पहिली परीक्षा इथेच होते: टायगर मॉथ डावीकडे जाऊ लागले, तर बनवणाऱ्याने इंजिनाची दिशा पाहिलेली नाही.

या सगळ्याला उत्तर एकच, रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा पायांनी हलवायचा भाग, आणि त्याला जोर हवेचा लागतो. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि वर्गानेच कमी होतो. वेग निम्मा झाला की रडरचा जोर पाव उरतो. म्हणून धावण्याच्या सुरुवातीला पाय जवळजवळ पूर्ण दाबावा लागतो, मग वेग वाढेल तसा तो हलका करत यावे लागते. उतरल्यानंतरचा क्रम नेमका उलटा आणि अधिक अवघड असतो. वेग कमी होत जातो, रडर दुबळे होत जाते, आणि शेपटीचे चाक व ब्रेक यांनी त्याची जागा घ्यायची असते. ग्राउंड लूपचा धोका उतरल्यावर संपत नाही. विमान पूर्ण थांबेपर्यंत तो असतो.

सिम्युलेटर जमीन कशी मोजतो

सिम्युलेटरच्या दृष्टीने विमान म्हणजे जमिनीला टेकू शकणारे काही बिंदू. प्रत्येक चाकाचा एक बिंदू, पंखांच्या टोकांचे, नाकाचे, पोटाचे काही. प्रत्येक बिंदूला स्प्रिंग आणि धक्का शोषणारा भाग असतो, घर्षणाचे आकडे असतात आणि चाक किती अंशांत वळते याची मर्यादा असते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या विमान-फाइलीत मागच्या चाकाला १८० अंश लिहिले की ते मोकळे फिरणारे ठरते; फ्लाइटगिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या जेएसबीसिममध्ये त्यासाठी ३६० लिहितात. ही साधी मजकुराची फाइल असते आणि कोणालाही उघडून वाचता येते.

अडचण अशी की हवेचे गणित जितक्या काळजीने केले जाते तितक्या काळजीने जमिनीचे केले जात नाही. एक्स-प्लेन पंख आणि पंख्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा हवेचा जोर काढतो. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटरही विमानाचा पृष्ठभाग अनेक तुकड्यांत मोजतो. टायरचे वर्तन मात्र थोडक्या आकड्यांत उरकले जाते. खरा टायर आडवा ओढला की आधी पीळ घेतो, मग हळूहळू घसरतो. सिम्युलेटरमध्ये तो बरेचदा एक तर चिकटलेला असतो, नाही तर एकदम सुटलेला. म्हणून विमान काही वेळ रुळावरून चालल्यासारखे चालते आणि मग अचानक फिरते. उभ्या विमानाने वाऱ्यात जागच्या जागी थरथरणे, आडव्या वाऱ्यात त्याने वाजवीपेक्षा जास्त वळणे, टेकल्यावर चेंडूसारखे उसळणे या तक्रारी जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरबद्दल जुन्या आहेत, आणि त्यांत तथ्य आहे.

गवत आणि मातीचे तर आणखी कठीण. टायगर मॉथ गवताच्या मैदानासाठी बनले होते. मूळ विमानाला ब्रेक नव्हते आणि मागे घसरपट्टी होती. ती गवतात रुतून विमानाला सरळही ठेवायची आणि थांबवायचीही. डांबरी पट्टीवर ती घसरते आणि दोन्ही कामे करत नाही. वऱ्हाडातील धावपट्टीच्या कडेची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात चाक गिळते. तिथे खरे टायगर मॉथ गेले तर नाकावर पालथे पडण्याची शक्यता मोठी. सिम्युलेटरमध्ये तीच जमीन सपाट हिरवी किंवा तपकिरी चादर असते. विमान तिच्यावरून आरामात फिरून परत पट्टीवर येते. या सोयीमुळे वाईट सवय लागते. पट्टी सोडली की विमान मोडले असे धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

निवडायला विमाने पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २००४ च्या आवृत्तीत उड्डाणाच्या शंभर वर्षांनिमित्त कर्टिस जेनी, लिंडबर्गचे स्पिरिट ऑफ सेंट लुइस, फोर्ड ट्रायमोटर, डीसी-३ (म्हणजेच डकोटा) अशी ऐतिहासिक विमाने होती. २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत डीसी-३ आणि जेनी नव्या रूपात आली. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये महायुद्धातील लढाऊ विमाने आहेत. त्यांतले शस्त्र नसलेले मस्टँग मोफत मिळते आणि जमिनीवर कोणाचीही गय करत नाही. शिकण्यासाठी पहिले विमान म्हणून मात्र पायपर कब घ्यावा. तो हळू आहे, चूक दिसायला आणि सुधारायला वेळ देतो. स्पिरिट ऑफ सेंट लुइसमध्ये समोर काचच नाही, पुढे इंधनाची टाकी आहे; तो अनुभव दुसऱ्या महिन्यासाठी ठेवणे बरे.

पाय, पेडल आणि पडदा

कीबोर्डवर रडर म्हणजे आकड्यांच्या भागातील शून्य आणि एंटर. प्रत्येक वेळी दाबल्यावर रडर एक पायरी सरकते आणि तिथेच राहते. टेलड्रॅगरला हवी असते ती सतत, छोटी, लगेच मागे घेतलेली हालचाल. कीबोर्डवर ती होत नाही. मूठ फिरवून रडर चालवणारी जॉयस्टिक त्याहून पुष्कळ बरी, फक्त मूठ फिरवताना ती नकळत एका बाजूला कलते आणि विमान कलवणारे पंखांवरचे एलेरॉनही हलतात. खरे काम पेडलचे. बोटांनी दाबायचे वेगवेगळे डावे-उजवे ब्रेक असलेली पेडल मिळाली तर मोठ्या विमानांचे वळणही खऱ्यासारखे करता येते.

विकतची पेडल महाग पडतात, पण ती बनवता येतात. लाकडी चौकट, मधोमध फिरणारी पट्टी, एक पोटेन्शिओमीटर आणि अर्डुइनो लिओनार्डोसारखा, कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकणारा बोर्ड एवढ्यावर काम भागते. अकोला-अमरावतीच्या तंत्रशाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना यात कठीण असे काही नाही. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्यात कब आणि डीसी-३ दोन्ही मिळतात.

पेडल जोडल्यावर सेटिंग तपासावे. मधली निष्क्रिय जागा शून्याच्या जवळ ठेवावी, कारण धावपट्टीवरच्या सगळ्या दुरुस्त्या मध्याच्या आसपासच होतात. मग मदतीचे पर्याय बंद करावेत. टेकऑफला रडर आपोआप देणारा पर्याय शिकणाऱ्याचे कामच काढून घेतो. एलेरॉन आणि रडर एकमेकांना जोडणारा पर्याय तर आडव्या वाऱ्यात घातक ठरतो: वारा डावीकडून असताना हात डावीकडे आणि पाय उजवीकडे हवा असतो, आणि हा पर्याय दोन्ही डावीकडे नेतो.

एक उणीव कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. खऱ्या विमानात शेपूट सरकू लागली की ते आधी बैठकीला कळते, डोळ्यांना नंतर. घरच्या खुर्चीत ती जाणीव नाही. डोळ्यांच्या कडांना दिसणारी जमीनही सपाट पडद्यावर नसते, आणि शेपूट खाली असताना नाक समोरची पट्टी झाकून टाकते. उपाय दोन. दृश्याचा कोन थोडा रुंद करावा, म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या कडा दिसतील. आणि नजर नाकावर न ठेवता पट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी. दोन्ही कडांचे अंतर सारखे राहते का, हीच सरळपणाची खूण.

शिवणीहून बेलोऱ्याला

सरावासाठी शिवणी ते बेलोरा हा मार्ग चांगला आहे. सरळ अंतर सुमारे ७० किलोमीटर, टायगर मॉथने अर्ध्या तासाचे. अकोल्याहून मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याकडे जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग खाली वाट दाखवतो.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, माणूस चालतो त्याच वेगाने जावे. समोर दिसत नसल्याने नागमोडी चालावे: थोडे डावीकडे वळून उजव्या बाजूने पुढे पाहायचे, मग उलट. वळण सुरू होताच ते थांबवण्याचा पाय द्यायचा, वळण पूर्ण झाल्यावर नव्हे. वारा समोरून असेल तर स्टिक मागे धरावी, म्हणजे शेपूट दाबून राहते. वारा मागून असेल तर स्टिक पुढे. डकोटात मागच्या चाकाला कुलूप असते. वळताना ते उघडे, धावताना बंद. वळण घेऊन काही मीटर सरळ गेल्यावरच कुलूप लावावे, नाही तर चाक तिरके असताना ते बसतच नाही.

आता वारा. पावसाळ्यात वऱ्हाडात तो मुख्यतः नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. समजा तो २४० अंशांवरून १५ नॉट आहे. शिवणीची पट्टी १०-२८ अशी आहे, म्हणजे १०० आणि २८० अंशांच्या दिशांची. २८ वरून उडताना वारा डावीकडून ४० अंशांनी येतो आणि त्याचा आडवा भाग साधारण साडेनऊ नॉट होतो. बेलोऱ्याच्या २६ वर तोच वारा २० अंशांनी येतो आणि आडवा भाग जेमतेम पाच नॉट उरतो. एकाच हवेत दोन पट्ट्यांवरचे काम दुपटीने वेगळे. आडवा वारा शेपटीच्या उभ्या पंखावर दाब देतो आणि नाक वाऱ्याकडे, इथे डावीकडे, वळते. कबमध्ये पंख्याची ओढही डावीकडेच, म्हणून दोन्ही मिळून उजव्या पायावर मोठा भार. टायगर मॉथमध्ये पंख्याची ओढ उजवीकडे, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी दोन्ही काही अंशी एकमेकांना खोडतात आणि शिवणीचा तो वारा सोपा वाटतो. बेलोऱ्याला उतरताना इंजिन मंद असते, पंख्याची ओढ नाहीशी होते आणि उरतो तो एकटा वारा. उड्डाण सोपे गेले म्हणून उतरणे सोपे जाईल असा हिशेब इथे चुकतो.

उन्हाचाही हिशेब आहे. अकोल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेला की तिथली हवा साधारण १४०० मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा असला तरी जमिनीवरचा वेग सुमारे सात टक्के जास्त असतो आणि विमानातली गतिज ऊर्जा पंधरा टक्के. रडर दुबळे होते ते वेगदर्शकाच्या त्याच आकड्यावर, पण त्या क्षणी जमीन अधिक वेगाने मागे जात असते. डिसेंबरच्या सकाळी नीट उतरलेले विमान मे महिन्याच्या दुपारी हाताबाहेर का जाते, त्याचे हे मोठे कारण. सिम्युलेटरमध्ये तापमान बदलून दोन्ही उतरणी एकापाठोपाठ करून पाहाव्यात.

उतरण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वेग पूर्ण घालवून, स्टिक पोटाशी आणून तिन्ही चाके एकदम टेकवतात. टेकताना वेग कमीत कमी असतो. दुसरीत शेपूट वर ठेवून फक्त पुढची दोन चाके टेकवतात आणि त्याच क्षणी स्टिक किंचित पुढे देतात. असे केले नाही तर मागचे वजन खाली जाते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उठते. डकोटा बहुधा दुसऱ्या पद्धतीने उतरवतात. टायगर मॉथला हलक्या वाऱ्यात पहिली शोभते. दोन्हींत शेपूट जमिनीवर आल्यावर स्टिक पूर्ण मागे खेचून धरायची आणि विमान थांबेपर्यंत सोडायची नाही. ब्रेक हळू आणि शेवटी. जोरात दाबले की शेपूट उठते आणि पंखा जमिनीला लागतो.

मॉडेल तपासणे

नवे विमान घेतल्यावर उडण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. वारा शून्य ठेवून, मागचे चाक मोकळे सोडून विमान तीस नॉटपर्यंत न्यावे, इंजिन मंद करावे आणि एक पाय हलकेच देऊन लगेच काढावा. चांगल्या मॉडेलमध्ये वळण आपले आपण वाढते. ते आपोआप सरळ झाले, तर गुरुत्वमध्य किंवा घर्षण चुकीचे आहे. मग १५ नॉट आडवा वारा लावून ब्रेकसह विमान उभे करावे. ते शांत उभे राहायला हवे. शेवटी पूर्ण ब्रेकवर इंजिनाची शक्ती वाढवत जावी आणि स्टिक पुढे द्यावी. शेपूट उठली पाहिजे. या तपासण्यांत नापास झालेल्या विमानावर कितीही तास घालवले तरी पायांना चुकीचेच शिक्षण मिळते, आणि ते विसरायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

खरे टेलड्रॅगर चालवण्याचा परवाना सिम्युलेटरमधून मिळत नाही, मिळूही नये. बैठकीची जाणीव, घसरपट्टीचा खरखराट, काळ्या मातीचा लोभीपणा यातले काही त्यात नाही. पण पाय सतत हलते ठेवणे, वळण दिसण्याआधी त्याला उत्तर देणे, वारा कोठून आहे हे टॅक्सी करतानाही विचारत राहणे आणि विमान थांबेपर्यंत उड्डाण संपले असे न मानणे, या सवयी त्यातून लागतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानावर शिकणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतात, कारण वारा सर्व विमानांना सारखाच लागतो.

प्रमुख सिम्युलेटरांवर कब, स्पिटफायर, मस्टँग, डकोटा उडवता येतात. एचटी-२ आणि पुष्पक त्यांच्या मूळ ताफ्यात नाहीत. जेएसबीसिमचे मॉडेल म्हणजे मजकुराची फाइल: वजने, अंतरे, पंखांचे क्षेत्रफळ, चाकांच्या जागा, घर्षणाचे आकडे. पुष्पकवर शिकलेले आणि शिकवलेले वैमानिक व ती विमाने दुरुस्त करणारे मेकॅनिक आज वृद्ध आहेत. विमान कोणत्या बाजूला किती ओढायचे, कुठल्या वाऱ्यात हट्ट धरायचे, हे अजून त्यांना विचारता येते. अमरावती, अकोला, बडनेरा आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील एखाद्या गटाने पुष्पकचे मॉडेल बनवण्याचे काम हाती घ्यावे, मॉडेल मुक्त स्रोतात ठेवावे आणि त्याची पहिली चाचणी शिवणीच्या २८ क्रमांकाच्या पट्टीवर, डावीकडून वारा लावून घ्यावी.